ठिपकेवालीचं स्थळ

माझी धाकटी जाऊ दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. उभा जन्म लोकांना "आ करा" सांगण्यात गेला. सुट्टीच्या दिवशी टेकडीमागच्या रानात जाऊन ती हेच फुलांना सांगते. तिथे मोजडीच्या आकाराची दुर्मीळ ऑर्किडं उगवतात. चोरांनी देखणी तेवढी उपटून नेली. उरली ती फिकट, तिरळी, ठिपकेवाली, एकमेकींपासून लांब लांब. भावकीतच लग्नं लावत राहिलं तर वाण खुरटतो, म्हणून वनखात्याच्या परवानगीने ही बया एका ओढ्याकाठचे पराग दातकोरणीवर घेऊन दुसऱ्या ओढ्याकाठच्या फुलाला लावते. स्वतःच्या मुलाचं लग्न तिला अजून जमवता आलेलं नाही, ते सोडा.

यंदा कड्यावरची ठिपकेवाली पहिल्यांदाच फुलली. त्या वाणाचं ते शेवटचं झाड. आणि रानात उमललेलं दुसरं फूल एकच, खालच्या ओढ्याकाठचं पिवळं. आम्ही दोघी ते गाठायला गेलो तर नुसता देठ उभा.

"चोर," मी म्हटलं.

"चोर मुळासकट नेतो. ही कात्री सरकारी आहे."

खरंच होती. दुर्मीळ फुलं वाचवल्याबद्दल त्या दिवशी वनखात्याचा समारंभ होता, आणि प्रमुख पाहुण्यांचा मान म्हणून खात्याने तेच फूल त्यांच्या कोटाला लावलं होतं.

जाऊ तडक व्यासपीठावर चढली. मागून मी, तिची पर्स सांभाळत. तिने पाहुण्यांच्या छातीशी वाकून दातकोरणी काढली आणि सवयीने फुलाला म्हणाली, "आ करा."

पाहुण्यांनी आ केला.

"तुम्ही नाही हो." पण डोकावल्याशिवाय राहवतंय कुठे. "बरं केलंत तरी. मागची दाढ पार गेलीय."

खात्याच्या साहेबांनी तिला उतरवायला शिपाई पाठवला.

"थांब जरा," पाहुणे उघड्या तोंडानेच म्हणाले, "बाईंना नीट बघू दे."

तेवढ्यात तिने पराग काढले होते. तिथून आम्ही थेट कडा चढलो. या वयात माझ्या गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका.

ठिपकेवालीला शेंग धरली. पुढे पाहुणे दाढ काढून घ्यायला आले. सुजल्या गालाने, वरपक्षाच्या तोऱ्यात त्यांनी विचारलं, "आमच्या पिवळ्याचं काय झालं मग?"

"शेंग भरतेय," जाऊ म्हणाली. "आता बोलू नका. कापूस चावून धरा."