कोसा गल्लीतला बंद माग

चांद्याच्या परकोटाआतली ती गल्ली अजून माझ्या नाकातून गेलेली नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. शिपाई म्हणून भरती होऊन मी ठाणेदार झालो होतो. वशिला कुणाचाच नव्हता, हे इथेच सांगून ठेवतो.

भर उन्हाळ्यात मूलच्या पलीकडच्या जंगलातली एक गोंड बाई ठाण्यात आली. तिचा नवरा रेशमाचे कोसे विकायला शहरात आला, तो परतलाच नव्हता.

"पडला असंल कुठी पिऊन," आमचा हवालदार म्हणाला.

"मेला असंल तं तसं सांगा," बाई म्हणाली. "पण मले तो पायजे. गावच्या मातीत ठेवाचा हाये."

"जसा सापडेल तसा तुझ्या हवाली करीन," मी शब्द दिला.

खांद्यावर कावड घेऊन तो पठाणपुरा दरवाजातून आत शिरला, इथपर्यंत माग लागला. पुढे विणकरांची गल्ली. घरोघरी कोसे शिजत आणि आतल्या किड्यांचा वास भिंतींत मुरलेला. परका माणूस नाक दाबून पळे. राहणाऱ्यांना तो जाणवतही नसे. उन्हात दारोदार फिरून कंटाळलो, तेव्हा एका म्हातारीने हळूच शेजारच्या घराकडे बोट केलं.

"त्याच्या घरी कोसे शिजून नाई राह्यले साहेब. तरी वास आमच्याहून जादा. काऊन?"

त्या घरचा विणकर गोड बोलणारा. माग बंद का, विचारलं.

"सूत सरलं, साहेब."

मागावर तर सूत ताणलेलं होतं. माझं डोकं फिरलं. "बस. विणून दाखव."

हे माग खड्ड्याचे असतात; विणकर काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. तो बसला. पाय खाली जाईनात. खड्डा ताज्या मातीने भरलेला. गुडघे छातीशी घेऊन तो तसाच घामाघूम झाला.

"मायले बाहेर पाठवा, मंग सांगतो."

"आधी सांग."

"नाई. आधी माय."

सौद्यात मी सहसा मागे हटत नाही. त्या दिवशी हटलो; आधी आईला बाहेर पाठवतो, असा शब्द दिला. म्हातारी आई शेजारी गेल्यावर तो बोलला, "कोसे किडके हायेत म्हटलं, तं माह्या अंगावर आला. मी मुसळ हाणलं."

पंच बोलावले, खड्डा उकरला, पंचनामा केला. बाईने हातातल्या कड्यावरून नवरा ओळखला आणि गाडी आणायला गावी गेली. शवविच्छेदनानंतर प्रेत तिच्यासाठी ठेवा, असं मी दवाखान्यात बजावलं.

मग माझे वरिष्ठ साहेब पाहणीला आले. "या उन्हात किती दिवस ठेवणार? बेवारस म्हणून जाळून टाका."

"वारस आहे, साहेब. वाटेत आहे."

"आवाज खाली, ठाणेदार."

त्याच संध्याकाळी प्रेत जाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी बाई भावांसह बैलगाडी घेऊन आली. गाडीत ओला पाला अंथरलेला होता. मी सांगितलं. ती रडली नाही.

"तू तं हवाली करीन म्हणला होता."

विणकराला जन्मठेप झाली, शाबासकी साहेबांना मिळाली. खुन्याला दिलेला शब्द मी पाळू शकलो, कारण त्या खोलीत माझ्या वर कुणी नव्हतं. बाईला दिलेला शब्द वरच्याने मोडला आणि तोंड मला दाखवावं लागलं. त्यानंतर जिथे दुसऱ्याचा हुकूम चालतो, त्या गोष्टीचं वचन मी कुणाला दिलं नाही. पुढे रडत आलेल्या किती बायकांना मी नुसतं "बघतो" म्हणून परत पाठवलं. लोक मला तुसडा म्हणत. म्हणू देत.