ठरल्याशिवाय बोलायचं नाही

कुंदाताई सरनाईक लिहायला बसल्या की डाव्या हाताचं कोपर वहीभोवती वळवून घ्यायच्या. मांजर घरात आलं की जेवायला बसलेलं पोर ताट राखतं ना, तसं. परीक्षेत सोडाच, साध्या तासालासुद्धा. फळ्यावरचं जे सगळा वर्ग उतरवून घ्यायचा, तेही त्या झाकून लिहायच्या.

ऑकलंडच्या एका पॉलिटेक्निकात विज्ञानाचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता. मी अठरा वर्षांचा, त्या चाळिशीला टेकलेल्या, आणि वर्गात मराठी आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "तुम्ही महाराष्ट्रातल्या ना?" त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दप्तराकडे.

"तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या फाइलच्या कोपऱ्यात ठसठशीत 'श्री' होतं. मी "काकू, ते..." म्हणून बोट दाखवलं, तर त्यांनी कोपर त्या 'श्री'वर सरकवलं आणि म्हणाल्या, "काकू म्हणू नकोस इथं. लोक वय मोजतात." तेव्हापासून त्या कुंदाताई झाल्या.

कुंदाताई मिरजेच्या. तिथल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर त्यांची हयात गेली होती. औषधशास्त्राचा डिप्लोमा होता, पण न्यूझीलंडमध्ये त्याला कुणी विचारत नव्हतं. नवऱ्याला, दिलीपरावांना, इंजिनिअरची नोकरी लागली, मुलगी शाळेत जाऊ लागली आणि कुंदाताई ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातल्या नव्या कोऱ्या घरात रिकाम्या बसल्या. जवळच्या केमिस्टकडे जाऊन काही न घेता खोक्यांवरची नावं वाचत उभ्या राहायच्या. दुकानातली मुलगी "कॅन आय हेल्प यू?" म्हणाली की चोरी पकडली गेल्यासारख्या बाहेर पडायच्या. त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहायचं तर फार्मसीची पदवी हवी. ती शहरातल्या मोठ्या विद्यापीठात, आणि तिथे जागा मोजक्या. आमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांना जेमतेम एखादी. पॉलिटेक्निकात वर्षभर उत्तम मार्क मिळवायचे, मग मुलाखत, मग नशीब. दिलीपराव भला माणूस, पण त्यांनीही सांगून टाकलं होतं, "एकदा बघ प्रयत्न करून. फार तर दोनदा. मग पुरे."

मलाही तेच हवं होतं. बाबांच्या आयटीच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून ऐन बारावीत उठून आलो आणि मी ना इथला राहिलो ना तिथला. पॉलिटेक्निक म्हटलं की आमच्या मराठी मंडळींच्या भुवया वर जात. त्यामुळे आई कुणी विचारलं तर "सायन्स करतो" एवढंच सांगायची आणि लगेच पानात भात वाढायची.

मीही टाकानिनीतच राहत होतो, म्हणून रोज कुंदाताईंच्या गाडीतून कॉलेजला जायचो. मोटरवेवर आमच्या जगभराच्या गप्पा व्हायच्या, फक्त फार्मसीचा विषय निघायचा नाही. मी त्यांना सांगितलं होतं, मी 'बहुतेक बायोलॉजी' करणार. त्यांनी मला सांगितलं होतं, "मी आपली वेळ जावा म्हणून येते रे." दोघांनाही दुसऱ्याचं पटलं नव्हतं. वेळ जावा म्हणून येणारी बाई सिग्नलला गाडी थांबली की सेंद्रिय रसायनांची नावं पुटपुटत नाही.

त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना पुढची बाटली कधी उचलायच्या नाहीत. हात खांद्यापर्यंत आत घालून मागची काढायच्या. डेअरीवाला रोज "हाऊ आर यू?" विचारायचा. "याला काय करायचंय?" त्या गाडीत बसल्यावर म्हणायच्या, "मिरजेत सख्खी जाऊ कधी विचारायची नाही. हा रोज विचारतो. काहीतरी आहे बघ."

आमचे केमिस्ट्रीचे सर ग्रॅहम. जँडल, म्हणजे रबरी स्लिपर, घालून वर्गात यायचे आणि सगळ्यांना नावाने हाक मारा म्हणायचे. कुंदाताईंना ते पसंत नव्हतं. "एवढं हसतोय म्हणजे मार्क कापलेत," हा त्यांचा ठाम सिद्धांत होता. एकदा ग्रॅहमने त्यांच्या पेपरवर टिचकी मारून "स्वीट ॲज!" म्हटलं, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. कुंदाताई दिवसभर बेचैन. परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "कशासारखं गोड, ते सांगतच नाहीत रे ही माणसं. वाक्य अर्धं ठेवणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांचं ब्रीदवाक्य. "ठरल्याशिवाय बोलायचं नाही. बोललं की बिघडतं." त्यांच्या मावसबहिणीचं लग्न म्हणे बोलण्यात मोडलं, दिलीपरावांचं पहिलं प्रमोशन पेढे आधी आणल्यामुळे हुकलं. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे निघालात' विचारू नये, काम होत नाही, हे तर त्या इतकं पाळायच्या की दिलीपराव ऑफिसच्या कामाने आठवडाभर वेलिंग्टनला गेले, तेव्हा ते कुठे गेलेत हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

लायब्ररीत रसायनशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक होतं. एकच प्रत, आणि ती तासाभरासाठीच मिळायची. पुढे पुढे ती जागेवर सापडेना. मी माग काढला तर पुस्तक बागकामाच्या कपाटात, गुलाबांच्या छाटणीशेजारी. कुणाचं काम ते सांगायला ज्योतिषी नको होता. मी ते वाचून झाल्यावर कुक्कुटपालनाच्या कपाटात ठेवू लागलो. दोन दिवसांनी ते तिथूनही गेलं. वर्षभर ते पुस्तक त्या लायब्ररीत भटकत राहिलं आणि आम्ही गाडीत एकमेकांना हवापाणी सांगत राहिलो.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं. मी आदल्या दिवशी कुंदाताईंना सांगितलं, "उद्या मी येत नाही. कणकण वाटतेय." त्या लगेच म्हणाल्या, "बरं झालं. माझ्याकडेही उद्या पाहुणे आहेत." संध्याकाळी मी आईला म्हटलं, "यांच्याकडे पाहुणे? या कुणाला घरात घेत नाहीत." आई म्हणाली, "आणि तुझ्या कणकणीवर त्यांचा विश्वास बसला असेल?"

सकाळी स्टेशनवर गेलो तर रुळांचं काम चाललेलं. गाडी नाही, बदली बस येईल म्हणाले. बस येता येईना. बाबांचा सूट, आईने बांधून दिलेला टाय, आणि वर भुरभुर पाऊस. रडू यायचंच बाकी होतं. वर्षभराची मेहनत रस्त्यावर उभं राहून जाणार, हे मला दिसत होतं. एवढ्यात समोरून ओळखीची निळी गाडी गेली. गाडी चालवणाऱ्या बाईच्या अंगावर इस्त्रीची खादी सिल्कची साडी होती, आणि पाहुणे कुठेच नव्हते.

गाडी पुढे गेली. मनात म्हटलं, जाणारच. मी असतो तर मीही गेलो असतो. जागा एक आणि माणसं दोन.

गाडी थोड्या अंतरावर थांबली. मग मागे आली. काच खाली झाली.

"बस," कुंदाताई म्हणाल्या. "कुठं चाललास ते मी विचारत नाही. तूही विचारू नकोस."

मी बसलो. मला एकदा वाटून गेलं, ही बाई मला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडणार. म्हणून मी मोटरवेवरच्या पाट्या वाचत राहिलो. बऱ्याच वेळाने त्या एवढंच बोलल्या, "कुक्कुटपालनात कोण ठेवतं रे पुस्तक? कोंबड्या वाचणारेत का?"

विद्यापीठाच्या फाटकाशी गाडी लावून त्यांनी पर्समधून स्टीलची इवलीशी डबी काढली. दही-साखर. स्वतःसाठी आणलेली. क्षणभर त्या डबीकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, "हात पुढं कर. अर्धं तुला, अर्धं मला. कुणाला लागू पडतं बघू."

आत गेल्यावर आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. रिसेप्शनवरच्या बाई माओरीतला नमस्कार, "किया ओरा", म्हणाल्या, आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून "किया ओरा" म्हटलं. मुलाखत घेणारे प्राध्यापक बाहेर आले, आम्हा दोघांकडे आलटून पालटून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही ओळखता एकमेकांना?" आम्ही एका दमात म्हणालो, "नो." माझ्या टायवर तेव्हा दह्याचा थेंब होता आणि त्यांच्या पदरावरही.

जागा मला मिळाली.

हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. आठवडाभर मी त्यांच्या घरावरून जाताना मान खाली घालून जात होतो. शेवटी त्यांनीच फाटकात गाठलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत. "जागा तुझी. पण दही माझं होतं, एवढं विसरू नकोस." आणि आत निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. तरीही मनात एक किडा वळवळलाच की या आता दिलेलं दही परत कसं मागतील.

त्यांनी मागितलं ते वेगळंच. पुढच्या वर्षी त्यांची दुसरी आणि शेवटची खेप. एका दुपारी आमच्याकडे आल्या, आईने केलेला चहा आधी हुंगला, मग मला म्हणाल्या, "काय विचारलं होतं रे त्यांनी? खरं सांग." मी मुलाखत शब्द न् शब्द सांगितली. त्या माझ्या डोळ्यांत बघत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हं. आणि जे सांगितलं नाहीस ते?"

"सगळं सांगितलं, कुंदाताई."

"हो का," म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांना बनवतोय अशी त्यांची पक्की खात्री होती. म्हणून त्यांनी मी सांगितलेलं केलंच, वर मी न सांगितलेलं सगळंही पाठ केलं. त्या वर्षी मुलाखतीत माझ्या वेळचा एकही प्रश्न आला नाही. कुंदाताईंना जागा मिळाली. कॉलेजच्या जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "बघ. तुझ्यावर विश्वास ठेवला असता तर गेले असते बाराच्या भावात." आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पायरीवर बसून डोळे पुसावे लागले. त्यांना तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढे त्या फार्मसिस्ट झाल्या. संशयी माणसाला याहून चांगला धंदा नाही. डॉक्टरने लिहिलेल्या डोसवर विश्वास नाही, कंपनीच्या लेबलवर नाही, स्वतःच्या मोजण्यावर तर नाहीच. सगळं पुन्हा तपासायच्या. म्हातारी गिऱ्हाइकं रांगेत ताटकळायची, पण कुंदाच पाहिजे म्हणायची. कुणी "थँक्स हीप्स, लव्ह" म्हटलं आणि मी दुकानात असलो, की काउंटरच्या आतून माझ्याकडे बघून हळूच मराठीत विचारायच्या, "हिला काय हवं असेल रे?"

मग एक दिवस त्यांच्या घरात वेगळेच लोक राहत होते. ना विक्रीची पाटी, ना निरोपाचं जेवण. महिन्याने फोन आला, "आम्ही ब्रिस्बेनला आलो. पोचलो, म्हणून सांगतेय." मी रागावलो. त्या म्हणाल्या, "रागाव की. पण काम झालं ना?"

त्यानंतर फोन यायचे ते असेच, सगळं झाल्यावर. घर घेतलं, झालं. मुलीचं लग्न ठरलं, झालं. म्हणून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मी आधी अभिनंदनच करणार होतो.

"ओंकार," त्या म्हणाल्या, "गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. हृदयाची झडप. तुलाच सांगतेय."

आहे, म्हणाल्या. झालं, नाही. ऑपरेशनपेक्षा मी त्याला घाबरलो. काही विचारलं नाही, तिकीट काढलं. कामावर दातदुखी सांगितली, आईला जास्तीची ड्यूटी सांगितली.

हॉस्पिटलच्या खोलीत त्या उशांना टेकून बसल्या होत्या आणि सलाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचत होत्या. दिलीपराव गाडी लावायला गेले होते. मला पाहून चेहरा उजळला, पण तोंडून आलं ते नेहमीचंच.

"कुणाला सांगून आलास?"

"कुणालाच नाही."

"शहाणा आहेस."

मी पिशवीतून दुकानातून घेतलेला दह्याचा डबा काढला, विमानातून उचललेल्या साखरेच्या पुड्या काढल्या. कुंदाताईंनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, फार्मसिस्ट ना तू? ऑपरेशनच्या आधी मला पाणीसुद्धा देत नाहीयेत, आणि हा दही भरवायला निघालाय! तुला माझ्याआधी घेतलं त्या लोकांनी. म्हणून मी कुणावर विश्वास ठेवत नाही."

मी ओशाळून डबा परत पिशवीत ठेवू लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"राहू दे. बाहेर फ्रिज आहे त्यांचा, त्यात ठेव. आल्यावर खाते. अर्धं तू खा." मी निघालो तशी मागून हाक आली, "नाव लिही वर! लोक उचलतात."

मी नर्सकडून पेन घेतलं आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत 'कुंदा सरनाईक' लिहिलं. परत आलो तेव्हा त्यांना नेत होते. जाताना त्यांनी मान वळवून खुणेने विचारलं, लिहिलंस? मी मान हलवली.

त्या परत आल्या नाहीत. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि दिलीपरावांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलत राहिले. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन आईला फोन लावला. "आई, मी ब्रिस्बेनमध्ये आहे," म्हणालो.

संध्याकाळी त्यांचं सामान गोळा करताना नर्स म्हणाली, फ्रिजमध्येही काही आहे का बघा. त्या फ्रिजमध्ये वॉर्डातल्या सगळ्यांचं काही ना काही होतं, आणि दिवसभर येणारा-जाणारा तो उघडत होता. मी मागे हात घालून डबा काढला. झाकणाखालची पन्नीसुद्धा फाटलेली नव्हती. कुणी हात लावला नव्हता.