आधी डबा दाखव

गिऱ्हाईक परत पाठवण्यात ज्याला धंद्याचं समाधान मिळतं, असा विक्रेता अख्ख्या वऱ्हाडात मी एकच पाहिला. अकोल्यात आमच्या शाळेच्या फाटकासमोर त्यांची हातगाडी असे. बोरं, पेरू, ओला हरभरा, उकडलेल्या शेंगा, सगळं घरच्या मळ्यातलं. पाठीमागे आम्ही त्यांना बुढा म्हणायचो, तोंडावर बाबाजी. मधल्या सुट्टीत बोरांसाठी हात पुढे केला की ते म्हणणार, "आधी डबा दाखव." डब्यात वांग्याची एक फोड दिसली तरी गाडीच्या चाकाशी बसून ती संपवावी लागे. "काहून बे, वांग्यानं तुह्यं काय बिघडोलं?" असं विचारून ते कायम वांग्याचीच बाजू घेत. पोरंही काही कमी नव्हती. भाजी फाटकाजवळच्या बकरीला चारून डबा चकचकीत करून आणायची. मग बाबाजी बोटं तपासू लागले. बोटाला हळद नाही, तर बोरं नाहीत. तोवर बकरीनं मात्र चांगलंच बाळसं धरलं होतं.

माझा डबा घरूनच रिकामा यायचा. आईबाप पहाटे मजुरीला जात, आणि वर्गात कळू नये म्हणून मी तो तसाच मिरवायचो. एकदा हिंमत करून पुढे केला. बाबाजींनी माझी कोरडी बोटं धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत. आता हे सगळ्यांसमोर बोलणार म्हणून मी डबा मागे ओढायला लागलो. ते मोठ्यानं म्हणाले, "याचा डबा सगळ्यात साफ. याले शेंगा डबल." आठवीत शाळा सुटेपर्यंत त्या डबल शेंगा सुटल्या नाहीत.

आता मी पुण्याकडे कंपनीत आहे. मुलगी दुसरीत. तिच्या शाळेसमोर वेफर्सच्या पाकिटांच्या माळा टांगलेली दोन दुकानं, आणि डबा रोज भरलेला परत. संध्याकाळी तो उघडायची मला धास्तीच वाटते. मागच्या हिवाळ्यात लग्नाला अकोल्याला गेलो, तेव्हा तिला मुद्दाम बाबाजींना दाखवायला नेलं. आणि बघतो तर त्यांच्याही गाडीवर तीच रंगीत पाकिटं. माझा चेहरा त्यांनी वाचला.

"पोट्टे समोरच्या दुकानात जाऊन राहिले होते. तिकडं त्यांचा डबा कोन पाहीन? म्हनून टांगले."

पाकीट मागणारा एक पोरगा त्याच वेळी चाकाशी बसून मुकाट्यानं पोळी-भाजी संपवत होता.

मग माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बाबाजींनी विचारलं, "इच्या शाळेसमोर कोन हाय?"

"दोन दुकानं हायेत, बाबाजी."

"दुकान नाही इचारलं बे. मानूस कोन हाय?"

मुलीच्या हातात बोरांचा पुडा होता. तिनंही माझ्याकडं बघितलं, आणि मी उगाच तिच्या स्वेटरची गुंडी लावत बसलो.