मामाच्या बागेचा फोटो

एका पर्यटन मासिकात मी लोकांना फारशा माहीत नसलेल्या शहरांवर लिहिते. कुठे उतरावं, काय खावं, कशाचा फोटो काढावा, हे लोकांना सांगायचं. गेल्या जानेवारीत संपादकांनी अमरावती-अकोला दिलं. "तुमचंच गाव, सोपं जाईल," म्हणाले. मला हसू आलं. माझं सगळं बालपण अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशनमधून दुसऱ्या ट्यूशनला सायकल दामटण्यात गेलेलं. गाव पाहायला वेळ कुणाला होता?

अकोल्यात कापसाच्या गाड्या आणि धान्याचा बाजार पाहिला. कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठावर उभी राहिले. तेवढ्यात संपादकांचा फोन आला, मुखपृष्ठाला काहीतरी हिरवंगार पाहिजे. मी थेट मामाच्या संत्र्याच्या बागेत गेले.

मामी गेल्यापासून मामा तिथे एकटाच राहतो. बाग दोघांनी मिळून लावलेली. दोन वर्षं तिला फूल धरलं नव्हतं. "यंदा बहार आला तं ठेवतो, नाही तं जेसीबी लावतो," त्याने मला आल्या आल्या सांगितलं. म्हणून बाग ताणावर सोडली होती. ताण म्हणजे झाडांचं पाणी आठवडेच्या आठवडे तोडायचं. पानं सुकून वळली की मग पाणी द्यायचं, आणि तहानलेलं झाड फुलांनी लदबदतं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते.

हे सगळं मला माहीत होतं. संत्रेवाल्यांच्या घरातली भाची मी.

दुसऱ्या दिवशी मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अकोल्याला लेकीकडे गेला, घर माझ्यावर टाकून. मी कॅमेरा घेऊन बागेत गेले. पानं मरगळलेली, रंग उडालेला, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. असला फोटो कोण छापणार? एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून मी ठिबकचा कॉक फिरवला आणि दुपारपर्यंत पाणी चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी पानं तरारली. फोटो इतका सुरेख आला की मी स्वतःवरच खूश झाले.

मामा परतला तो एका डोळ्यावर पट्टी बांधून. घरात न जाता बागेत गेला. झाडांकडे त्याने पाहिलंच नाही, खाली पाहिलं. बुंध्यांपाशी भेगा मिटल्या होत्या.

"कावून सोडलं पानी?"

"मले वाटलं, झाडं मरून राहिली," मी खोटं बोलले.

"मरत नव्हती पोरी. पंधरा दिवस राहिले होते फक्त."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने चहा ठेवला.

फेब्रुवारीत बागेला पालवी फुटली, फूल एकही नाही. अंक निघाला त्याच आठवड्यात जेसीबी आला. फोटोचं खरं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मे महिन्यात मी मामाकडे होते. भर उन्हात फाटकापाशी ऑटो थांबला आणि पुण्याचं एक जोडपं उतरलं. बाईंच्या हातात अंक होता, मुखपृष्ठावर आमची बाग. मी खिडकीआड झाले. मामाने त्यांना बाजेवर बसवलं, आधी पाण्याचा तांब्या दिला. मग अंक हातात घेतला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिला. मी पाणी सोडण्याआधी पानं कशी दिसत होती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"ही बाग कुठे आहे हो?" बाईंनी विचारलं.

मामाने अंक परत दिला. "हेच वावर," उखडलेल्या बुंध्यांकडे हात करून तो म्हणाला. "माह्या भाचीनं काढला फोटू. चांगला काढला."

मी बाहेर आले नाही.