क्लचवरचा पाय

आमची गाडी पेट्रोल प्यायला लागली तेव्हा मी पहिला संशय वडिलांवर घेतला. बिघाड दिसला की मला आधी माणूस पकडायचा असतो, बिघाडाचं कारण नंतर सापडलं तरी चालतं. नंदुरबारच्या शाळेत इतकी वर्षं पोरांना बाकावर उभं करून ही खोड जडली असावी.

गाडी पंधरा वर्षांची. आई गेल्यावर आबांचं स्वतःचं असं तेवढंच उरलं होतं. शेती वाट्याने दिलेली, जेवण माझ्या बायकोच्या हातचं. रोज सकाळी ते आमच्या कोरीट गावाहून गाडी काढायचे, नंदुरबारात जुन्या मित्रांत तासभर बसायचे आणि येताना भाजी आणायचे. ऐंशीला टेकलेला माणूस अजून आपल्या हाताने गाडी हाकतो, हे गावाला दिसायचं. ते दिसावं असं आबांनाही वाटायचं, उगाच खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर गाडी उभ्या जागी थरथरायला लागली. मध्येच झटके द्यायची, चौकात बंद पडायची आणि टाकी निम्म्या अंतरात रिकामी. एका मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला. तरी फरक पडेना, तेव्हा तो म्हणाला, म्हातारबाबा क्लचवर पाय ठेवून चालवत असतील. मला तेवढं पुरलं. अंगणात चार शेजारी बसलेले असताना मी आबांना म्हणालो, "क्लचवरना पाय उचलतसच नही तुम्ही. तुमले आते गाडी झेपस नही. द्या ती किल्ली."

आबांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं.

"व्हई," ते म्हणाले. "मन्हा पाय आते कामना ऱ्हायना नही."

किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मला त्या वेळी जिंकल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

पुढचे दोन महिने ते नंदुरबारला गेले नाहीत. रिक्षाने जा म्हटलं तर, तठे मन्हं काय काम शे, एवढंच म्हणायचे. गाडी मी चालवायचो आणि ती माझ्याही हातात तशीच झटके द्यायची. आबांनी बिघडवून ठेवली, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. फक्त चोर कोण, ते मला अजून कळायचं होतं.

जानेवारीत कोणीतरी एका वयस्क मेकॅनिकचं नाव सुचवलं. त्याने लगेच पान्याला हात लावला नाही. थंड इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर तळहात ठेवून उभा राहिला. नळी लगेच कोमट झाली, तशी त्याने मान हलवली. मग मला शेजारी बसवून कोरीट फाट्यापर्यंत चक्कर मारली. सबंध रस्ताभर टेम्परेचरचा काटा तळाशीच. परत येऊन प्लग काढले, तर सगळे काजळीने काळे.

"सर, इंजिन गरमच व्हस नही," तो म्हणाला. "गाडीले वाटस, ती आतेच चालू व्हयनी. म्हनीसन ती सकायनं पेट्रोल दिनभर पेस." म्हणजे थंड इंजिन सुरू करताना लागतं तसं जास्तीचं पेट्रोल ती दिवसभर पीत होती.

नळीच्या मुळाशी असलेलं झाकण त्याने उघडलं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी थर्मोस्टॅट वॉल तिथे असायला हवी होती. जागा रिकामी होती.

"आठली वॉल कोनी काढी?"

मी काढायला लावली होती. मे महिन्यात तोरणमाळच्या घाटात गाडी वाफाळली आणि माझंही डोकं तापलं. खाली उतरल्यावर रस्त्यावरच्या गॅरेजात मी फर्मान सोडलं, वॉल फेकून दे. आमच्याकडे हे सर्रास करतात. एवढ्या उन्हात इंजिन गरम ठेवणारी वस्तू हवी कशाला, असा आमचा हिशेब. मागे बसलेले आबा तेव्हा म्हणाले होते, "कंपनीनी लायेल वस्तू शे, ऱ्हाऊ दे." मी त्यांना गप्प बसवलं होतं. उन्हाळा, पावसाळा निभावला. थंडी पडल्यावर गाडी बिघडली, आणि त्या वॉलशी तिचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

नवी वॉल बसली. परतताना काटा मध्यावर येऊन थांबला, आणि गाडी चालू आहे की बंद, हेही कळू नये इतकी ती शांत झाली. दुरुस्त झाली एवढंच घरी सांगायचं, बाकी कोण विचारतंय, असं मी गाव येईपर्यंत ठरवलं होतं. पण आबा अंगणात उन्हाला बाजेवर बसले होते. इंजिनचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"आबा, चूक मन्ही व्हती," मी म्हणालो. घाट, वॉल, सगळं सांगितलं. "तुमना पाय बरा शे. पहिलापासून बराच व्हता."

ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून बाजेखालून जेवायचा जुना लाकडी पाट ओढला. पाटाच्या मधोमध खाली वीट सरकवली आणि वर आलेल्या कडेवर, क्लचवर ठेवावा तसा, डावा पाय ठेवला. मी शाळेत गेलो की दोन महिने रोज ते हेच करत होते, हे बायकोने मला नंतर सांगितलं.

"हाई दख," आबा म्हणाले. "आते मी पाय पुरा उचलस."

त्यांनी पाट दाबला, पाय नीट वर उचलला, जमिनीवर टेकवला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. मधून मधून ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, जमतंय का म्हणून.