ओडेलचे नवे दात

ओडेल परविसला पुढचे चार दात नव्हते. तरुणपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यात लोखंडी दांडा तोंडावर बसला आणि तेव्हापासून तिथे खिंडच. मिसिसिपीचा तो सगळा कापूसपट्टा म्हणायचा, की ओडेलचा माउथ ऑर्गन रडतो तो त्या खिंडीमुळे. शेजारच्या वर्बिनाला हे कधीच पटलं नाही. दात पडलेले म्हातारे गावात पोत्याने होते. त्यांचा बाजा का नाही रडत?

दर शनिवारी दुपारी वर्बिना अंगणात जमलेल्या गावकऱ्यांसाठी मासे तळायची आणि ओडेल कढईजवळ बसून वाजवायचा. वीस वर्षं ती कढईआडून त्याचं तोंड न्याहाळत होती. हा बाबा फुंकतो कमी आणि ओढतो जास्त, गरम कॉफी भुरकावी तसा सूर आत ओढून वाकवतो, एवढं तिला उमगलं होतं. पण त्या सुराखाली दुसराच कुणी वाजवत असल्यासारखा ठेका चालायचा, तो कुठून यायचा? विचारलं की ओडेल म्हणे, "तू तुझा मसाला सांगतेस का?"

मग मेम्फिसहून त्याची लेक लवॉन आली आणि तिने हौसेने बापाला नवे दात बसवले. नातीच्या लग्नात त्याने तोंड मिटून बसू नये म्हणून.

त्या शनिवारी ओडेल वाजवायला बसला. सूर स्वच्छ निघाले, पण पोकळ. एरवी लोक मध्येच ओरडायचे, "सांग, ओडेल, सांग!" आज कुणी ओरडलं नाही. शेवटी सगळ्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. त्या अंगणात याहून मोठा अपमान नव्हता.

"खिंड बुजली, बाजा संपला," ओडेल म्हणाला.

वर्बिना झारा घेऊन समोर उभी राहिली. "गाल तेच, ओठ तेच. अरे, तुझी जीभ कुठाय?"

"दात धरून बसलीय! सोडली तर तुझ्या कढईत पडतील."

"म्हणजे खालचा ठेका जिभेचा! इतकी वर्षं भोकांवर जीभ थापटत होतास, लबाडा? काढ ते दात!"

ओडेलने लेकीकडे पाहिलं. "नको. पोरीने हौसेने केलेत. राहिला बाजा तर राहिला." आणि त्याने खरोखरच तो खिशात टाकला.

लवॉन उठली. तिने पेलाभर पाणी आणलं आणि बापाच्या हनुवटीखाली धरलं. "काढा, बाबा. लग्नात फोटोपुरते घाला."

दात पेल्यात बुडाले. पहिलाच सूर वाकला, खाली ठेका टपटपू लागला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सांग, ओडेल!" वर्बिना त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि जन्मात पहिल्यांदा तिचे मासे करपले.

माश्या बसू नयेत म्हणून लवॉनने पेल्यावर बशी झाकली आणि पेला मांडीवर दोन्ही हातांनी धरून ऐकत बसली.