सुभेदारांनी नापास केलेली गाडी

“सेल्फ मारू नको. आधी बघू दे.”

सुभेदार माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते एवढंच. मी ऑफिसला निघाले होते, गाडीत बसून आरसा नीट करत होते, तर बॉनेटवर एक रुंद पंजा टेकलेला. पंजामागे पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि काखेत घडी घातलेलं पोतं. गाडी नवी होती, म्हणजे मला नवी. पलूसहून आणलेली, दुसऱ्याने वापरलेली, माझ्या आयुष्यातली पहिली.

तुमच्याही गल्लीत असा एखादा निवृत्त फौजी असेल, जो कचरेवाल्यालासुद्धा शिस्त लावत फिरतो. आमचे सुभेदार तसले नव्हते. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत कुणाच्या दारात पहिली गाडी आली, आणि आमच्याकडे पहिली गाडी जुनीच येते, की पूजेच्या आधी सुभेदार पोतं घेऊन हजर. फौजेत त्यांनी उभा जन्म डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवले. तिकडे रोज सकाळी जवानांसारखी गाड्यांचीही परेड व्हायची म्हणे. स्वतःची गाडी मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

मी नेमकी पूजा आधीच उरकून बसले होते. चाकांखालची लिंबं चिरडून झाली होती आणि पुढच्या जाळीवर माझ्या भावाने झेंडूचा असा जाडजूड हार करकचून बांधला होता की पोळ्याचा बैल परवडला. सुभेदारांनी तो गाठी सोडवून काढला आणि माझ्या हातात दिला.

“देवाला घाल. इंजनाला वारा लागू दे.”

मग शर्ट काढून फाटकाला अडकवला, पोतं अंथरलं आणि सत्तरी उलटलेला तो माणूस सरळ गाडीखाली गेला. मी हार घेऊन उभी. ऑफिसला उशीर होत होता आणि शेजारीण गॅलरीतून बघत होती. थोड्या वेळाने खालून एक हात बाहेर आला. हातात उसाचं वाळलेलं पाचट.

“कुणाची म्हणाला इकणारा?”

“डॉक्टरांची. गावातल्या गावात फिरलीय फक्त.”

“डॉक्टरचा दवाखाना उसात हाय का काय?”

पाचटाचा आणखी एक झुबका बाहेर आला. मला हसूही आलं आणि त्या विकणाऱ्याचा रागही आला.

पुढचं जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. गाड्या तपासणारे लोक मी गाडी शोधताना बरेच बघितले होते. टायरला लाथ मारतात, एक्सलेटर दाबतात, मान हलवतात. सुभेदारांनी ऑइलची पट्टी ओढली, थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. इंजिन चालू करायला लावलं आणि त्यावर ओणवं होऊन ऐकत राहिले. ऐकताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, त्यांच्या उघड्या पाठीवरून ते दिसत होतं. माझ्या त्या जुन्या डबड्याकडे कुणी एवढं लक्ष देऊन बघेल असं मला वाटलंच नव्हतं. माझ्याही नकळत मी चपला काढून उभी राहिले होते. हसा खुशाल.

“हिचं काळीज चांगलं हाय,” ते सरळ होत म्हणाले. “आता ब्रेक दाब. धर. सोडू नको.”

मी परत आत बसून दाबून धरला. ते दारातून वाकून माझ्या पायाकडे बघत राहिले. मी जास्त जोर लावत नव्हते, तरी माझा पाय हळूहळू खाली चालला होता. मला ते कळलंसुद्धा नाही, त्यांनीच दाखवलं.

“नापास.” त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली.

“अहो काका, ब्रेक लागतोय की!”

“आज लागतोय.”

माझं डोकंच फिरलं. ही गाडी मी हौसेला घेतली नव्हती. माझी आई कवठे महांकाळजवळ एकटी राहते. मोतीबिंदू पिकून तिचा एक डोळा जवळजवळ गेलाच होता. साताऱ्यात ऑपरेशन ठरायचं आणि ती मोडायची. एसटी तिला लागते, भाड्याच्या गाडीत परक्या ड्रायव्हरच्या मागे ती बसत नाही. “तू गाडी घे, तुझ्या गाडीतनं येती,” म्हणाली, म्हणून घेतली. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं, आणि हा म्हातारा किल्ली खिशात घालून उभा. मी हे सगळं त्यांना सुनावलं, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आईला आणायची म्हणूनच न्हाई म्हणतोय, पोरी.”

आईला फोन केला तर ती माझ्यावरच उखडली. “कोण हाय ह्यो? त्याच्या परेडीपायी माझा डोळा जाऊ दे व्हय? आता एकदाच येणार. परत लांबलं तर मी न्हाई येत.” डॉक्टरांच्या हातापाया पडून मी ऑपरेशन आठवड्याने पुढे ढकललं.

ब्रेकचा नवा भाग सांगलीहून मागवावा लागला. तो बसवेपर्यंत सुभेदार गॅरेजमध्ये उपड्या डब्यावर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत. त्यानंतर रोज सकाळी माझ्याकडून ब्रेक दाबून घ्यायचे आणि पास की नापास न सांगताच निघून जायचे. निघायच्या दिवशी म्हणाले, “पास,” आणि डावीकडचं दार उघडून आत बसले. “मी येतो.”

जाताना मी ब्रेक दाबला की त्यांचाही पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. मला कानकोंडं व्हायचं. आईने दारातच त्यांना गाठलं. “तुमीच व्हय ते?”

“व्हय, मीच,” सुभेदार म्हणाले आणि तिच्यासाठी मागचं दार धरून उभे राहिले.

परतताना कऱ्हाड मागे पडलं आणि माझ्या लक्षात आलं, त्यांचा पाय हलत नाहीये.

“झोपलंय गं ते,” आई मागून हळूच म्हणाली. “दमानं घे.”

गेल्या वर्षी सुभेदार गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन. आईचा डोळा आता चांगला आहे, पेपर वाचते. कॉलनीत त्यांच्या खूप गोष्टी सांगतात, पण मला आईला घेऊन आलो त्या दिवशीचं त्यांचं फाटक आठवतं.

गाडी फाटकापाशी थांबली तरी ते झोपेतून जागे झाले नव्हते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या, काचेतून आत बघितलं आणि तिथेच थबकल्या. मग वळसा घालून माझ्या खिडकीशी आल्या.

“झोपल्यात?” त्या कुजबुजल्या. “फौजेत एकदा गाडीत डोळा लागला. जाग आली तवा फुडची गाडी दरीत गेलती. तवापासनं चालत्या गाडीत डोळा म्हणून मिटला न्हाई. एसटीत न्हाई, रेल्वेत न्हाई, पोरगा चालवतो तवासुदिक न्हाई.”

इंजिन बंद केलं असतं तर ते उठले असते. मी किल्लीवरचा हात काढून घेतला.